कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात? औषध मागण्याआधी हे वाचा
(आमच्याकडून गावरान, गिरिराजा, वनराजा, कावेरी या जातींच्या कोंबड्या नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पक्षी नेऊन महिना-दीड महिना झाला की फोन येतो, "एकमेकींची पिसं उपटतायत, काहीतरी औषध द्या." जखमेवरचं औषध आमच्याकडे आहे. पिसं उपटायची खोड मोडणारं औषध मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. मोकळी कोंबडी दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ पायानं उकरण्यात आणि चोचीनं टिपण्यात घालवते. तिला जाळीत ठेवलं म्हणून ही गरज संपत नाही. खाली शहाबादी फरशी, समोर खाद्याचं भांडं आणि बाकी काही नाही, अशी व्यवस्था असेल तर ती चोच शेजारणीच्या शेपटीच्या बुडाशीच जाणार. एकदा रक्त दिसलं की सगळ्याच तिथे टोचतात.

आधी हे खरंच उपटणंच आहे ना, ते बघा. शेपटीच्या वर आणि पाठीच्या मागच्या भागात टक्कल, पिसांचे दांडे अर्धवट तुटलेले, हे उपटण्याचं लक्षण. कोंबडा असेल आणि फक्त पाठ व मानेची मागची बाजू उघडी पडली असेल, तर ते त्याच्या चढण्यानं झालंय. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवा. वर्ष-सव्वा वर्षाच्या कोंबडीची मानेपासून सुरुवात होऊन सगळीकडची पिसं गळत असतील आणि खालून नवे टोकदार कोंब दिसत असतील, तर तो पिसं बदलायचा नेहमीचा काळ आहे. अंडी थांबतील, काळजी नको. रात्री टॉर्च घेऊन पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती बघा. उवा किंवा बारीक लाल किडे दिसले तर या पत्रकाचा उपयोग नाही, दुकानात या.

खरंच उपटणं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. आणि इथेच बहुतेक ग्राहक एकच चूक करतात.

मोबाइलवर बघून चोचीला काम म्हणून कोबीचा गड्डा आणतात आणि जाळीच्या कोपऱ्यात टांगतात. एकच. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "कोबीनं भांडणं वाढली." वाढणारच. सहा कोंबड्यांत एक-दोन दांडग्या असतात. कोंबड्यांत वरची-खालची ठरलेली असते आणि ती चोचीनंच ठरते. एकच कोबी असेल तर दांडगी तिथे पहारा देते, जवळ येईल तिच्या डोक्यात टोला मारते. सगळ्यात खालची कोंबडी कोपऱ्यात अडकते, पळायला वाट नसते, आणि तिचीच शेपूट सोलली जाते. विरंगुळा म्हणून टांगलेली वस्तू अशी भांडणाचं ठिकाण होते. मग ती जखमी कोंबडी पिशवीत घालून आमच्याकडे आणायची, आठवडाभर वेगळी ठेवायची, परत सोडली की पुन्हा मार. वेळ जातो तो यात.

म्हणून नियम असा, कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी. सहा पक्ष्यांना दोन, दहाला तीन. दोन ठिकाणांत निदान पाच-सहा फूट अंतर, शक्यतो मध्ये काहीतरी आडोसा. तो नसेल तर दांडगी एका जागी उभी राहून दोन्हीवर नजर ठेवते. एक पत्रा तिरका उभा केला किंवा गोणपाट टांगलं तरी पुरे. वस्तू कोपऱ्यात नको, कोंबडीला दोन बाजूंनी येता-जाता आलं पाहिजे. खाद्याच्या आणि पाण्याच्या भांड्यालाही हाच नियम लावा. ते दोन भांड्यांत ठेवलं तरी अर्धी कटकट मिटते.

कोबी टांगायची उंची कोंबडीच्या डोक्याच्या किंचित वर. मान ताणावी लागेल इतकी, उडी मारावी लागेल इतकी नाही. गिरिराजा आणि वनराजा वजनदार, उड्या मारून पाय मुरगाळून घेतात. देठात आरपार भोक पाडा, जाड सुतळी ओवा, किंवा तारेचा आकडा करून त्याचं टोक आत वळवून घ्या. सुतळीचं टोक लोंबतं ठेवू नका.

सोलापूरकरांना इथे एक खास सांगणं. चादरी-टॉवेलच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत आणि किनारीच्या चिंध्या फुकट मिळतात, म्हणून कोंबड्यांखाली अंथरायला किंवा वस्तू बांधायला वापरतात. वापरू नका. धागा बोटांभोवती गुंडाळला जातो, उकरताना पीळ घट्ट होत जातो, बोट काळं पडून गळतं. गिळला तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गोळा होऊन बसतो. सकाळी उपाशीपोटीही ती पिशवी कणकेच्या गोळ्यासारखी फुगलेली लागली, तर पशुवैद्याकडेच जावं लागतं.

आता काय-काय द्यायचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट म्हणजे खाली उकरायला काहीतरी. फरशीवर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार इंच पसरा. त्यात रोज संध्याकाळी पाचनंतर ज्वारी उधळा, एका जागी ओतू नका. सहा कोंबड्यांना सत्तर ग्रॅम, म्हणजे कटिंग चहाचा एक कागदी कप भरून. कारण साधं आहे. अंडी देणारी एक कोंबडी रोज ११० ते १२० ग्रॅम खाते, सहा जणींचं सातशे ग्रॅमच्या आसपास होतं, आणि वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांपुढे गेला की प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं. अंड्याचं कवच पातळ होतं. प्रथिनं कमी पडली की पिसं उपटणं उलट वाढतं. उरलेली भाकरी-भात रोज वाटीभर घालणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

तूस ओलं झालं तर तेवढं उचलून टाका. वास यायला लागल्यावर बदलायचं असं ठरवलं असेल, तर उशीर झालेला असतो.

ज्वारीची सुगी असेल तेव्हा दाणे विकत घेण्यापेक्षा अख्खी कणसं टांगा, दाण्यांचं टोक खाली करून, दोन ठिकाणी. मंगळवेढ्याकडचं टपोरं कणीस असेल तर एका कणसावर दोघी-तिघी बराच वेळ रमतात. दाणे खाली सांडतात, ते उकरून खाणं हे वेगळं काम. शेवग्याचा पाला आणि लसूणघासाची जुडीही अशीच बांधता येते. बुरशीची शंका असलेली ज्वारी आणि शेंगदाणे मात्र कोंबड्यांना खपतील म्हणून घालू नका. त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं.

ज्वारीची बाटली घरी होते. एक लिटरची प्लास्टिकची बाटली, तापवलेल्या खिळ्यानं आठ मिलिमीटरची चार-पाच भोकं, कडा गुळगुळीत. त्यात अर्धा कागदी कप ज्वारी भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि जमिनीवर सोडायची. कोंबडी चोच मारून लोळवते, दोन-दोन दाणे पडतात. भोक मोठं केलं तर पाच मिनिटांत रिकामी. यातली ज्वारी त्याच कागदी कपातली धरायची, वेगळी नाही. आमच्याकडे जाड नळीची तयार बाटली मिळते, ती जोडीनंच देतो. एक मागितली तर नाही म्हणतो, आणि का ते वर आलंच आहे.

नवीन वस्तू बघून कोंबड्या पहिल्या दिवशी लांब पळतात. "हात लावत नाहीत" म्हणून तासाभरात काढू नका. दोन दिवस तशीच राहू द्या. एका वेळी एकाच प्रकारची नवी वस्तू आणा आणि आठवड्यानं बदला. आरसा लावायची हौस असेल तर कोंबडा नसलेल्या जाळीतच. कोंबडा आरशातल्या कोंबड्याशी भांडून तुरा रक्तबंबाळ करून घेतो.

धुळीत लोळायची सोय न चुकता करा. कोंबडीला दिवसाआड वीस-तीस मिनिटं धुळीत अंग घोळवायचं असतं. जागा नसेल तर तेवढ्यासाठीही मारामारी होते. अडीच फूट बाय दोन फुटांचं जुनं घमेलं, टब किंवा विटांचा हौदा, आठ इंच खोल. आपल्याकडची काळी माती इथे कामाची नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं. चाळलेला बारीक मुरूम दोन भाग, नदीची वाळू एक भाग, चुलीची लाकडाची राख एक भाग. कोळशाची राख, प्लास्टिक जाळलेली राख आणि चुना यांतलं काहीही घालायचं नाही. पावसाळ्यात वर पत्रा हवाच, ओल्या मातीत कोंबडी लोळत नाही.

बसायला आडव्या काठ्या हव्यात, प्रत्येकीला आठ-दहा इंच. कडुनिंबाची किंवा बाभळीची दीड-दोन इंच जाड फांदी साल आणि काटे काढून वापरा, पीव्हीसी पाइपवर पाय घसरतो. गावरानला चार फूट उंच चालेल, गिरिराजाला एक-दीड फूट. मार खाणारी कोंबडी वर जाऊन बसू शकली तर अर्धं काम झालं.

अंगणात वाळवी असेल तर फुटक्या मडक्यात ओला कडबा आणि थोडं शेण भरून रात्री उलटं पालथं घाला. सकाळी उचलून कोंबड्यांसमोर उघडा. घराच्या लाकडी चौकटीपासून लांब ठेवा, नाहीतर कोंबड्या खूश आणि घरमालक नाही.

मार्च ते जूनची गोष्ट वेगळी. पारा ४० च्या वर असताना दुपारी बारा ते चार कोंबड्यांना काही खेळवू नका. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. त्या वेळी ज्वारी उधळली तर पळापळीनंही तापते आणि पचनानंही. दाणे सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुपारी कलिंगडाची फोड किंवा काकडी दोन ठिकाणी सावलीत ठेवा, जाळीला भिजवलेलं गोणपाट लावा, पाणी दोनदा बदला.

जखम झाली असेल तर कोंबडी लगेच बाहेर काढा. हळद आणि खोबरेल तेल लावा, किंवा आमच्याकडचं जांभळं औषध. त्यानं लाल रंग झाकला जातो आणि टोचणं थांबतं. तिला डालग्याखाली ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल अशी. खपली धरल्यावर अंधार पडल्यावर काठीवर नेऊन बसवा. टोचणारी कोण हे कळलं असेल तर उलट तिलाच तीन-चार दिवस बाहेर ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा खाली गेलेली असते. रात्रभर पांढरा झगझगीत एलईडी लावत असाल तर तो बंद करा.

आमच्या काही पद्धतींवर नेहमी कुरकूर होते, त्याचंही सांगतो. आम्ही पक्ष्यांची चोच कापत नाही. कापली की टोचणं कमी दिसतं, पण कोंबडीला दुखतं आणि दाणे टिपायची तिची ताकद कमी होते. आम्ही एकटा पक्षी विकत नाही, कमीत कमी दोन, कारण जुन्या कळपात एकटी नवी टाकली की सगळ्यांचा मार तिच्यावर. तुमची वाढलेली कोंबडी घेऊन दुसरी देत नाही, कारण तिच्याबरोबर दुसऱ्याच्या खुराड्यातला आजार आमच्या पक्ष्यांत येतो. खाद्यही गोळी नाही, भरड देतो. "सांडतं फार" हे खरं आहे. पण भरड टिपायला वेळ लागतो, गोळी दहा मिनिटांत संपते आणि चोच मोकळी राहते. खोल भांडं वापरा आणि अर्धंच भरा, सांडणं कमी होईल. तूस, मुरूम-वाळू-राखेचं तयार मिश्रण आणि बाटल्यांची जोडी दुकानात असते. पक्षी नेतानाच घेतलंत तर गाडी एकदाच लागते.

यानंतरही टोचणं थांबलं नाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. उघड्या पाठीचा एक पुरे. दुसरा पूर्ण जाळीचा, दारात उभं राहून काढलेला, खाद्याची भांडी आणि टांगलेल्या वस्तू दिसतील असा. सोबत जाळीची लांबी-रुंदी, किती पक्षी, कोणत्या जातीचे, वय आणि रोज काय-काय घालता ते लिहा. एवढं आलं की कोंबडी पिशवीत घालून सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीतून आणायची बहुतेक वेळा गरज पडत नाही. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.