धनशोधन प्रतिबंध आणि ग्राहक ओळख पडताळणी (गोवा)

गुन्ह्यातून मिळालेल्या पैशाचे मूळ झाकून तो सरळ मार्गाने कमावल्यासारखा दाखवणे म्हणजे धनशोधन. असा पैसा बँका, कंपन्या, कॅसिनो आणि जमीनजुमल्याचे व्यवहार यांच्या दारातच अडावा म्हणून त्या संस्थांनी जी बंधने स्वतः पाळायची असतात, त्यांना धनशोधन प्रतिबंधक अनुपालन म्हणतात. ग्राहक कोण, त्याचा पैसा कोठला आणि व्यवहारामागे खरा माणूस कोण, याची खातरजमा म्हणजेच ओळख पडताळणी, रोजच्या बोलण्यातली ‘केवायसी’, हा या सगळ्याचा पाया होय. मराठी वृत्तपत्रे धनशोधनाला पुष्कळदा ‘आर्थिक अफरातफर’ म्हणतात, ते बरोबर नाही. अफरातफर म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या रकमेचा अपहार. अपहार, लाच, अमली पदार्थांची विक्री किंवा फसवणूक यांतून हाती आलेली रक्कम पचवण्याची पुढची पायरी ती धनशोधनाची. शब्दांची ही गल्लत सुधारणे गरजेचे आहे, कारण तिच्यामुळे बँकेने किंवा कंपनीने काय शोधायचे हेच वाचकाला उमगत नाही.

भारतात याविषयीचा मुख्य कायदा २००२ मध्ये संमत झाला आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्याखाली ३ ते ७ वर्षे सक्तमजुरीची आणि मूळ गुन्हा अमली पदार्थांचा असल्यास १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. तपास आणि मालमत्तेवर टाच आणणे हे काम सक्तवसुली संचालनालय म्हणजे ईडी करते. संस्थांकडून येणारे अहवाल मात्र ईडीकडे जात नाहीत. ते २००४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे जातात, आणि तो विभाग छाननी करून ते योग्य त्या यंत्रणेकडे पाठवतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या वित्तीय कृती दल या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत २०१० पासून सदस्य असून, येथील बहुतेक नियमांची चौकट तिच्या ४० शिफारशींवर उभी आहे.

कायद्याच्या कक्षेत आलेल्या प्रत्येक संस्थेला संचालक मंडळाने मंजूर केलेले लेखी धोरण, जबाबदारी पेलणारा एक नामनिर्देशित संचालक आणि अहवाल पाठवणारा एक प्रमुख अधिकारी असावा लागतो. रोखीचे १० लाख रुपयांवरील व्यवहार, तसेच महिनाभरात तुकड्यातुकड्यांनी केलेले पण एकमेकांशी जोडलेले व्यवहार, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवायचे असतात. संशयास्पद व्यवहाराला मात्र रकमेची मर्यादाच नाही: पाच हजारांचा असला किंवा अर्ध्यावर सोडून दिलेला असला, तरी तो कळवावा लागतो, आणि कळवल्याची कुणकुण ग्राहकाला लागू देता येत नाही. व्यवहारांचे कागद व्यवहारापासून ५ वर्षे, आणि ओळखीचे कागद संबंध संपल्यापासून ५ वर्षे जपायचे असतात. कसूर झाल्यास प्रत्येक चुकीमागे १० हजार ते १ लाख रुपये दंड होऊ शकतो.

ग्राहक व्यक्ती असेल तर पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार किंवा रोजगार हमीचे जॉब कार्ड यांवर काम भागते. खरी कसोटी लागते ती ग्राहक कंपनी असल्यावर. कंपनीची मालकी दुसऱ्या कंपनीकडे, तिची तिसरीकडे, अशी साखळी असेल तर ती शेवटच्या हाडामांसाच्या माणसापर्यंत सोडवत न्यावी लागते. १० टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेली व्यक्ती ‘लाभार्थी मालक’ ठरते. २०२३ पूर्वी कंपन्यांसाठी ही मर्यादा २५ टक्के होती. त्याच वर्षी सनदी लेखापाल आणि कंपनी सचिव यांची काही कामे, इतरांसाठी कंपन्या उभारून देण्याचा व्यवसाय आणि आभासी चलनाचे व्यवहार हेही कायद्याखाली आले. कागदावरच्या कंपन्यांना जन्म देणारे टेबल त्यामुळे प्रथमच उत्तरदायी झाले. ही उणीव फार पूर्वी भरून निघायला हवी होती.

गोव्यात या विषयाला जे वळण मिळते ते प्रामुख्याने कॅसिनो आणि जमीन यांमुळे. १९७६ च्या गोवा सार्वजनिक जुगार कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या झाल्या. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि पाण्यावरील जहाजांत टेबलावरील खेळांना वाट मिळाली. पणजीला मांडवीत नांगरलेली जहाजे हे त्याचेच फळ. २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनो धनशोधन कायद्याखाली आले. येथली युक्ती सोपी असते: रोख देऊन चिप्स म्हणजे खेळात पैशाऐवजी वापरायच्या सोंगट्या घ्यायच्या, थोडा वेळ नावापुरते खेळायचे, आणि उरलेल्या चिप्स परत करून ती रक्कम ‘जिंकलेली’ म्हणून धनादेशाने किंवा खात्यावर मागायची. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर द्यावा लागला तरी उरलेल्या पैशाला कागद मिळतो, आणि गुन्हेगाराला हवा असतो तो कागदच. म्हणून प्रवेशद्वारावर वयाची खात्री करण्यासाठी पाहिलेले ओळखपत्र म्हणजे पडताळणी नव्हे. किती रकमेच्या चिप्स घेतल्या, त्यांतल्या किती खेळात गेल्या आणि किती तशाच परत आल्या, हा ताळा त्या ओळखपत्राशी जोडला गेला, तरच तपासणीला अर्थ येतो.

जमिनीचे दुखणे निराळे आहे. मालक पोर्तुगाल, ब्रिटन किंवा आखातात, घर कुलूपबंद, वारसांची नोंद जुनी: अशा मिळकती बनावट कागदांच्या आधारे बळकावून विकल्याच्या तक्रारींवरून २०२२ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. अशा विक्रीचा पैसा गुन्ह्यातलाच असतो, पण विक्रीखत नोंदले गेले की तो बँकेत सभ्य चेहऱ्याने येतो. २० लाख रुपयांहून अधिक वार्षिक उलाढालीचे मालमत्ता दलाल २०२० च्या अखेरीस अहवाल देण्यास बांधले गेले. विक्रेता खराच मालक आहे का, याचा पहिला सुगावा दलालालाच लागतो. बँकेच्या नजरेस व्यवहार पडतो तोवर गावातल्या चार जणांना तो माहीत झालेला असतो.

पडताळणी करणाऱ्याला स्थानिक रीतिरिवाज ठाऊक नसतील तर निरपराध माणूस भरडला जातो, याचे गोव्याइतके ठसठशीत उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. म्हापशातल्या एखाद्या बँकेत साठीच्या बाई दोन कागद पुढे ठेवतात: पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मदाखल्यावर आडनाव रोमन लिपीत ‘नाइके’ असे वाचता येईल अशा स्पेलिंगने लिहिलेले, आणि आधारवर सरळ ‘नाईक’. परब यांचे ‘पोरोबो’, कामत यांचे ‘कामोतीं’ झालेलीही पुष्कळ घराणी आहेत. संगणक दोन नावे जुळवायला नकार देतो आणि खाते अडकते. गोव्यात नाव व आडनाव बदलाचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. पण प्रत्येक स्पेलिंगभेद म्हणजे नावबदल नव्हे, हे काउंटरवरच्या माणसाला कळावे लागते.

त्याच बाईंच्या विवरणपत्रात लाखोंचे उत्पन्न दिसते आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’. बाहेरून बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला यात भाडोत्री खात्याचा, म्हणजे दुसऱ्याचा पैसा फिरवण्यासाठी वापरू दिलेल्या खात्याचा, वास येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेतील वैवाहिक सामाईक मालकीमुळे, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ नुसार, पगार सोडून नवऱ्याचे इतर उत्पन्न निम्मे बायकोच्या आणि बायकोचे निम्मे नवऱ्याच्या नावे दाखवले जात आले आहे. दुकान नवऱ्याचे असले तरी कागदावरचा अर्धा नफा तिचा असतो, आणि त्यात लपवाछपवी काहीच नसते.

तारवट्यांची, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची, अडचण याहून साधी, पण रोजची आहे. जहाजावरचा माणूस अनेक महिने समुद्रात असतो, खात्यावर परदेशातून ठोक रकमा येतात, आणि नेमक्या त्याच काळात केवायसी नूतनीकरणाची मुदत संपते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दृक्‌श्राव्य पडताळणीला मान्यता दिली, तरी तिच्यासाठी ग्राहक भारतातच असावा लागतो. जोखमीनुसार हे नूतनीकरण २, ८ किंवा १० वर्षांनी येते. म्हणून तारवट्याच्या सुट्टीची तारीख विचारून ठेवणारी शाखा नियमही पाळते आणि माणूसही सांभाळते.

अशा खुलाशांची लेखी नोंद ग्राहकाच्या फाइलला लावण्याची पद्धत काही शाखा पाळतात: आडनावाचे दोन्ही उच्चार, कलम ५अ चा उल्लेख, तारवट्याच्या कराराची मुदत. ती नोंद असली की पुढच्या बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्याला तोच प्रश्न त्याच बाईंना पुन्हा विचारावा लागत नाही, आणि वाचलेला वेळ त्याला ज्या खात्याचा खुलासा कोणीच देत नाही त्याच्यावर खर्चता येतो.