ओमाकासे सुशी

ओमाकासे सुशी ही सुशीच्या लहान दुकानात काउंटरसमोर बसून, काय खायचे आणि कोणत्या क्रमाने खायचे हे सर्वस्वी कारागिरावर सोपवून जेवण्याची जपानी पद्धत आहे. ‘माकासेरु’ म्हणजे सोपवणे, हवाली करणे. त्याला आदरवाचक ‘ओ’ लागून ‘ओमाकासे’ हा शब्द झाला. ‘तुम्ही द्याल ते’ हा त्याचा व्यवहारातला अर्थ. इतर जपानी भोजनगृहांतही ही पद्धत आढळते, परंतु तिचे अस्सल रूप तोक्योतील आठ-दहा आसनांच्या सुशीच्या दुकानांत पाहावयास मिळते. दुकान इतके लहान का, याचे उत्तर जागेच्या टंचाईत किंवा श्रीमंती थाटात शोधू नये. भाताच्या घासावर माशाचा काप बसवून हाताने वळलेली निगिरी सुशी काही क्षणच तिच्या उत्तम अवस्थेत असते, आणि एका माणसाच्या दोन हातांना योग्य गतीने जितक्यांना वाढता येईल तितकीच माणसे तिथे बसू शकतात. ओमाकासेच्या बहुतेक रीती या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

सुशीचे प्राचीन रूप म्हणजे ‘नारेझुशी’. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने आंबवून टिकवीत. खाताना मासा घेत आणि भात बहुधा टाकून देत. बिवा सरोवराच्या परिसरात होणारी ‘फुनाझुशी’ हा या प्रकाराचा आजही जिवंत असलेला नमुना आहे. पुढे आंबण्याची वाट न पाहता भातालाच शिरका लावण्याची युक्ती रूढ झाली, आणि एदो शहरात (आजचे तोक्यो) १८२० च्या दशकात निगिरी सुशी लोकप्रिय झाली. तिचे श्रेय परंपरेने र्‍योगोकु भागातील हानाया योहेई (१७९९–१८५८) याला दिले जाते. तेव्हाची निगिरी आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असे आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्याउभ्या खाल्ली जाई. आज अत्यंत महागडे समजले जाणारे हे जेवण मुळात कामकरी माणसाच्या घाईच्या खाण्यातून वर आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सध्याच्या हांदा गावातील नाकानो माताझाएमोन याने १८०४ च्या सुमारास साके ही तांदळाची दारू गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून तांबूस शिरका काढला. साखर फारशी न घालता भाताला गोडसर खोली देणारा हा शिरका एदोच्या सुशीवाल्यांना मानवला, आणि आजही अनेक जुन्या वळणाच्या दुकानांतील भात त्याच्यामुळे फिकट तपकिरी दिसतो.

१९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतील बरेच कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची सुशी देशभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत १९४७ मध्ये भोजनगृहांवर निर्बंध आले, तेव्हा ग्राहकाने आणलेल्या एक ‘गो’ (एक जपानी माप) तांदळाच्या मोबदल्यात दहा सुशी वळून द्यायच्या, अशी मजुरीची व्यवस्था करून दुकाने तगली. निगिरीचा आकार लहान होऊन स्थिरावला त्यात या हिशेबाचा वाटा मोठा होता. ‘एदोमाए’ म्हणजे ‘एदोच्या पुढ्यातील’, अर्थात एदोच्या खाडीतील मासळी. खाडीत भराव पडले, पाणी बिघडले आणि मासे जपानभरातून येऊ लागले, तसा हा शब्द स्थळाऐवजी कामाच्या पद्धतीसाठी वापरला जाऊ लागला.

ही पद्धत समजून घेतल्याशिवाय ओमाकासेचे मर्म उमगत नाही. सुशी म्हणजे ताजा कच्चा मासा, ही समजूत एदोमाए दुकानाला लागू पडत नाही. बर्फ नसलेल्या काळात मासे मिठात, शिरक्यात, सोया सॉसमध्ये मुरवून किंवा शिजवून टिकवावे लागत. ती गरज गेली, पण त्यातून जन्मलेली चव राहिली. ट्यूनाचा तांबडा भाग सोया सॉसमध्ये मुरवतात, पांढरे मासे कोंबु नावाच्या समुद्री शेवाळात दाबून ठेवतात, आनागो हा वामसारखा लांबट मासा मऊ शिजवून त्यावर आटवलेला गोडसर रस लावतात. कारागिराची खरी परीक्षा मात्र कोहादा या स्वस्त, काटेरी, चंदेरी माशावर होते. खवले काढून, पोटातून उघडून तो वेताच्या सुपलीत पसरतात आणि वरून मीठ भुरभुरवतात. मीठ किती वेळ ठेवायचे हे त्या दिवशीच्या माशाचा आकार, त्यातील चरबी आणि हवा पाहून ठरते. मग धुऊन शिरक्यात बुडवायचा आणि निथळून मुरू द्यायचा. मीठ थोडे जास्त झाले तर मासा घट्ट होतो, कमी झाले तर हिवस लागतो. या माशाच्या कोवळ्या पिल्लांना ‘शिंको’ म्हणतात. उन्हाळ्यात ती बाजारात येतात तेव्हा एका निगिरीवर दोन, तीन, कधी चार इवलाले मासे बसवावे लागतात आणि सोन्याच्या भावाने विकत घेतलेल्या त्या मालातून दुकानाला जवळजवळ काहीच सुटत नाही. तरीही ऋतूची पहिली शिंको देण्याची दुकानांत चढाओढ असते. एदोमाए माशांत ‘किसु’ही आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावरची मुडदुशी त्याच वंशातली.

भाताला दुकानात ‘शारी’ म्हणतात. बुद्धाच्या अस्थिधातूंसाठी वापरला जाणारा संस्कृत ‘शरीर’ हा शब्द चीनमार्गे जपानात ‘शारी’ या रूपाने पोहोचला आणि शुभ्र दाण्यांच्या साम्यावरून तो भातालाही लागला, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे सांगितली जाते. जाणकार ग्राहक दुकान जोखतात ते या भातावरून. तो फडफडीत नको आणि गिच्चही नको. दाणा न्‌ दाणा सुटा असूनही एकमेकांना धरून राहणारा हवा, आणि अंगाच्या उबेइतका कोमट हवा. पाहुण्यांच्या येण्याच्या वेळेशी जुळवून तो शिजवावा लागतो, म्हणूनच अशा दुकानांत सर्वांना एकाच वेळी बसवतात आणि उशिरा येणे हा मोठा अपराध मानतात.

काउंटर बहुधा हिनोकी या सुगंधी लाकडाचा, एकसंध फळीचा असतो. त्यापलीकडे उभ्या असलेल्या कारागिराला ‘इतामाए’ म्हणतात, शब्दशः ‘पाटापुढचा’. तो शिरका मिसळलेल्या पाण्याने हात ओले करतो, डाव्या हाताच्या बोटांवर माशाचा काप घेतो आणि उजव्या हाताने लाकडी डब्यातून भाताचा छोटा घास उचलतो. त्याच उजव्या हाताची तर्जनी कापावर वासाबीचे, म्हणजे एका झणझणीत कंदाच्या वाटणाचे, बोट फिरवते, भात त्यावर बसतो, अंगठा मधोमध हलकेच दाबून आत हवेला जागा ठेवतो. मग सुशी उलटते, दोन बोटे वरून आणि कडांनी फिरतात. पाच-सहा हालचालींत काम संपते. शेवटी वर ‘निकिरी’चा, म्हणजे उकळून सौम्य केलेल्या सोया सॉसचा, कुंचला फिरतो. पुढ्यात ठेवलेली चांगली निगिरी आपल्याच भाराने किंचित खाली बसते. ते बसणे डोळ्यांना दिसते. तेवढ्यात ती उचलून तोंडात टाकावी. तिथेच बोलत बसलेल्या किंवा छायाचित्राचे कोन शोधणाऱ्या ग्राहकापुढे भात निवतो, मासा सुकू लागतो आणि कारागिराने मिनिटा-मिनिटाने जमवून आणलेले सारे वाया जाते.

सुशीच्या दुकानात मागणी करण्याच्या तीन रीती आहेत : ‘ओकोनोमी’ म्हणजे आवडीनुसार एकेक मागणे, ‘ओकिमारी’ म्हणजे ठरलेला संच, आणि ओमाकासे. पूर्वी मुरलेला ग्राहक ओकोनोमीने खाई; भिंतीवर भाव नसत, असला तर ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढाच शब्द असे, आणि नवख्याला बिलाची धास्ती वाटे. ठरावीक किमतीच्या ओमाकासेने ही धास्ती घालवली, तसेच कारागिरालाही नेमकी किती मासळी घ्यायची हे आधी कळू लागले. कुठे आधी ‘ओत्सुमामी’ हे छोटे पदार्थ आणि मग सुशी असते, तर कुठे पहिल्यापासून निगिरीच. क्रम साधारणपणे हलक्या पांढऱ्या माशांपासून ट्यूनाच्या वाढत्या चरबीकडे, मग चंदेरी मासे, शिंपले, कोळंबी, समुद्री साळिंदर (काटेरी कवचाचा ‘उनी’ हा जलचर) असा जातो. आनागो शेवटाकडे येतो, आणि अंड्याची गोडसर ‘तामागो’ आली की जेवण संपत आले असे समजावे. तोक्योच्या गिन्झा भागातील सुकियाबाशी जिरो या दहा आसनांच्या दुकानात सुमारे वीस निगिरी अर्ध्या तासात संपतात. इतर ठिकाणी दीड-दोन तास लागतात. जिरो ओनो (जन्म १९२५) यांच्या या दुकानात एप्रिल २०१४ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना नेले होते. भोजनगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेतील त्याचे तीन तारे २०१९ च्या अखेरीस गेले, पण दर्जा घसरला म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे आरक्षण मिळत नाही म्हणून.

शिष्टाचाराची यादी लांब वाटली तरी तिचा गाभा सोपा आहे. अत्तर लावून जाऊ नये, कारण शेजाऱ्याच्या नाकाशीही मासा बोलत असतो. निगिरी हाताने खाल्लेली चालते, किंबहुना सैल वळलेल्या निगिरीला हातच बरा. निकिरी लावलेली असल्यास वेगळा सोया सॉस मागू नये. आले दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते, सुशीवर ठेवण्यासाठी नव्हे. दुकानाची खास भाषा ग्राहकाने बोलून दाखवू नये, असे जुने लोक मानतात : चहाला ‘आगारी’ आणि बिलाला ‘ओआइसो’ हे काउंटरपलीकडचे शब्द, आपण चहाला ‘ओचा’ आणि बिलाला ‘ओकांजो’ म्हणावे. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. उठताना ‘गोचिसोसामा’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे म्हणावे.

या परंपरेचे दोषही नोंदवले पाहिजेत. स्त्रियांचे हात उबदार असतात, म्हणून त्यांनी सुशी वळू नये, हा समज दीर्घकाळ चालला. त्याला आधार नाही, आणि आज स्त्रिया हे काम उत्तम रीतीने करीत आहेत. नामांकित दुकानांत रात्रीच्या जेवणाला माणशी ३० हजार येनहून अधिक खर्च नेहमीचा झाला आहे. दुपारचे दर पुष्कळदा बरेच कमी असतात. तोक्योचा मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसुला हलला, आणि जानेवारी २०१९ च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. हा भाव जाहिरातीचा असला, तरी एका माशावर केवढा भार पडला आहे हे त्यातून दिसते.

शाकाहारी माणसाला हे जेवण जवळपास अशक्य आहे. मासे वगळले तरी सूप, अंडे आणि रस यांत सुकवलेल्या माशाचा अर्क ‘दाशी’ असतोच. पथ्य किंवा ॲलर्जी असल्यास आरक्षण करतानाच सांगावे. खरेदी सकाळीच होते, आणि काउंटरवर बसल्यानंतर कळवलेल्या गोष्टीसाठी कारागिराच्या पेटीत पर्यायच उरलेला नसतो.