फॉलोअर-संख्या दाखवणारे मोबाइल ॲप : काम सोपवण्यापूर्वी वाचावे

येवल्याचे पैठणी विक्रेते, नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील निवासव्यवस्थांचे चालक, मिसळीची ठिकाणे चालवणारे व्यावसायिक अशा अनेकांची आमच्याकडे एकच मागणी असते : इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूबवरील फॉलोअरचे आकडे एकाच ॲपमध्ये दिसावेत. असे ॲप तयार करता येते. मात्र हे आकडे ज्या कंपन्यांकडून येतात, त्यांनी दिले तेवढेच त्यात दाखवता येते. ज्यांचे एकच खाते आहे, त्यांना स्वतंत्र ॲपची गरज सहसा नसते.

इन्स्टाग्रामचे खाते व्यावसायिक प्रकारचे असणे आवश्यक आहे, कारण वैयक्तिक खात्यांची माहिती इतर ॲपना देणारी सोय ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. हा बदल सेटिंगमधून विनामूल्य करता येतो. त्यानंतर मात्र खाते खाजगी ठेवता येत नाही. फॉलोअर किमान १०० असल्यास त्यांची वयोगट, लिंग आणि शहरानुसार विभागणीही मिळते. फॉलोअरची नावे मिळत नाहीत, त्यामुळे ‘कोण सोडून गेले’ हे अधिकृत मार्गाने दाखवता येत नाही. ते दाखवण्याचे आश्वासन देऊन आपला पासवर्ड मागणाऱ्या ॲपपासून दूर राहावे, कारण त्यात संपूर्ण खाते गमावण्याचा धोका असतो.

यूट्यूबवर एक हजाराहून अधिक सदस्य असलेल्या चॅनेलचा आकडा पहिले तीन अंक ठेवून खाली पूर्णांकित केलेला मिळतो. १२,३४५ सदस्य असतील तर ॲपमध्ये १२,३०० दिसतील आणि दोन-चार नवे सदस्य आले तरी आकडा बहुधा हलणार नाही; हा ॲपमधील दोष नव्हे. चॅनेलच्या मालकाने परवानगी दिल्यास रोज किती सदस्य वाढले व किती घटले हे वेगळे दाखवता येते. एक्सवरील माहितीसाठी त्या कंपनीला पैसे मोजावे लागतात, म्हणून तो भाग मागणी असल्यासच आणि वेगळ्या खर्चाने जोडला जातो.

आमच्या मते अशा ॲपचे खरे मोल आजच्या आकड्यात नसून साठवलेल्या नोंदीत असते. इन्स्टाग्राम फॉलोअरवाढीचा मागचा तपशील साधारण ३० दिवसांपुरताच देते. म्हणून आमचा सर्व्हर ठरावीक वेळी आकडा घेऊन जपून ठेवतो, आणि फोनवरील ॲप तेथूनच वाचते व आकडा केव्हाचा आहे तेही दाखवते. प्रवेशाची किल्ली, म्हणजे टोकन, सर्व्हरवरच राहते, कारण ॲपमध्ये ठेवलेली किल्ली जाणकाराला काढून घेता येते. २०२७ च्या सिंहस्थात किती फॉलोअर वाढले हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी नोंद पर्वणीच्या बऱ्याच आधी सुरू करावी, अन्यथा तुलनेसाठी एरवीचे आकडेच हाती नसतील.

इन्स्टाग्रामचे टोकन ६० दिवसांचे असते आणि त्याचे नूतनीकरण सर्व्हर आपोआप करतो. तरीही आपण पासवर्ड बदलल्यास परवानगी पुन्हा द्यावी लागू शकते. प्ले स्टोअरच्या नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलसाठी दरवर्षी ९९ डॉलर शुल्क आहे. ही नोंदणी आपल्याच नावे असावी, असा आमचा आग्रह असतो.

पहिल्या भेटीपूर्वी फेसबुक पेजचे पूर्ण अधिकार आपल्याकडे आहेत का, हे तपासावे. पेज पुष्कळदा भाच्याने किंवा कधीकाळच्या फोटोग्राफरने उघडलेले असते आणि तेथेच काम अडते. पासवर्ड आम्हाला सांगू नये. लॉगिन आपण स्वतः, आपल्याच फोनवर करावे.