खडबडीत रस्त्यांसाठी छोटी कॅम्पर: बुक करायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी, बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी) आहे का? दुसरा, टॉयलेट आहे का? वजनाचं सहसा कोणी विचारत नाही, आणि खराब रस्त्यावर गाडी मार खाते ती बऱ्याचदा वजनामुळेच.

हिशोब करून बघा ना. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, वर बॅटऱ्या, प्लायवूडचं फर्निचर, सोलर, माणसं आणि त्यांच्या बॅगा. आरसीवर ग्रॉस वजन (माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन) लिहिलेलं असतं, त्याच्या आत हे सगळं बसायला हवं, म्हणून गाडी कुणाकडूनही घ्या पण टाक्या फुल करून एकदा वजनकाट्यावर चढवायला लावाच, विकणारा आढेवेढे घ्यायला लागला तर काय ते समजून जा. पाण्याची टाकी खाली, दोन्ही अॅक्सलच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दांड्यांच्या) मधे असावी. टपावर जड सामान नकोच, घाटातल्या वळणांवर गाडी डोलते.

मग येतो मागच्या चाकांच्या मागे लटकणारा भाग. लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) फोर्स ट्रॅव्हलर आतून मस्त मोकळी वाटते, हायवेला झकास चालते, पण हिमाचलात स्पितीकडे ग्राम्फूवरून बातलमार्गे कुंझुम खिंडीला जाताना नाल्यात उतरून वर चढायचं असतं तिथे मागचा बंपर दगडांना टेकतो आणि मधे पोट घासतं ते वेगळंच. (बर्फ वितळून दुपारी त्या नाल्यांचं पाणी वाढतं, त्यामुळे गाडी कुठलीही असो, पहाटेच निघा.) अशा ठिकाणी फोर्सच्याच गुरखा फोर बाय फोरवर बांधलेली कॅम्पर सरस, कंपनी नव्या गुरखाचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) 233 मिमी सांगते आणि लो रेंज गिअर (हळू पण जास्त जोर देणारा) पण आहे. फक्त ती दोघांपुरतीच समजा, चौघांचा संसार त्यात कोंबू नका.

कोकण, ताम्हिणी एवढंच फिरणार असाल तर फोर बाय फोरचे पैसे वाचवा, शॉर्ट व्हीलबेसची ट्रॅव्हलर आणि चांगले टायर भरपूर झाले. असं सांगून आमचंच नुकसान होतं, होऊ दे.

स्पितीत थंडीत जाणार असाल तर लिथियम बॅटरी शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करू नका, खराब होते. हीटर असलेली बॅटरी मागा.

गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर पुढे इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो. तुमच्या गाडीची कागदपत्रं आम्ही करून देतो.

आणि घाई नको. आधी आमची गाडी वीकेंडला भाड्याने नेऊन बघा, नंतर खरेदी केलीत तर ते भाडं किमतीतून वजा करू.