अंग बाहेर येणे : पिशवी काढण्यापलीकडचे पर्याय

बाळंतपणांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि गर्भाशयाला मागे व बाजूंना धरून ठेवणारे बंध ताणले जातात. पुढे रजोनिवृत्ती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांची भर पडली, की गर्भाशय योनिमार्गात खाली सरकू लागते. ‘अंग बाहेर आले’ असे बायका दबक्या आवाजात सांगतात आणि बहुतेकदा पहिला सल्ला मिळतो तो ‘पिशवी काढून टाका’ हाच. वास्तविक बिघाड पिशवीत नसून तिच्या आधारात असतो, आणि प्रत्येक शस्त्रक्रिया याच कसोटीवर पारखायला हवी.

योनिमार्गाने गर्भाशय काढणे ही आपल्याकडची रूढ शस्त्रक्रिया अनेकींना योग्य ठरते. मात्र गर्भाशय काढल्यावर योनीचा वरचा भाग कटिरातील (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीतील) मजबूत बंधाला टाके घालून बांधला नाही, तर काही वर्षांनी तोच खाली येऊ शकतो. मूत्राशय किंवा गुदाशयाचा फुगवटा योनीत आला असल्यास योनीची त्या त्या बाजूची भिंतही त्याच वेळी दुरुस्त करतात.

मूल हवे असलेल्या तरुणीचे काय? या प्रश्नावर मुंबईतील शल्यविशारदांनी मोलाचे काम केले आहे. गोव्यातील शिरोड्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्या पद्धतीत गर्भाशयमुखाच्या मागे पट्टी शिवून ती त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) वरच्या कडेला बांधतात. डॉ. पुरंदरे यांच्या पद्धतीत पट्टी पुढे, पोटाच्या भिंतीच्या आवरणाला जोडली जाते. ती करायला सोपी, पण तिच्यात गर्भाशय पुढे ओढले जाते; शिरोडकरांच्या पद्धतीत त्याला निसर्गतः असतो तसा मागून आधार मिळतो, म्हणून ती अवघड असूनही मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते.

आधारासाठी बसवायच्या कृत्रिम जाळीबाबत सावध राहावे. योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची या विकारासाठीची विक्री अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली; पोटातून किंवा दुर्बिणीने बसवायची जाळी मात्र आजही वापरात आहे. ज्या वृद्ध स्त्रीला शरीरसंबंध नको आहेत आणि मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, तिच्यासाठी योनिमार्ग शिवून बंद करणे हा छोटा पर्याय आहे. शस्त्रक्रियाच नको असेल, तर योनीत आधार देणारी सिलिकॉनची रिंग बसवून घेता येते.

शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक तपासणी आवर्जून करून घ्यावी : खाली आलेला भाग वर ढकलून धरून डॉक्टर रुग्णाला खोकायला सांगतात. त्या वेळी लघवी निसटली, तर अंग जागेवर बसवल्यानंतर हा त्रास उघड होण्याची शक्यता असते, आणि त्यावरचा उपाय त्याच शस्त्रक्रियेत करायचा की नंतर, हे आधीच ठरवता येते.