संवाद चांगले आहेत हो, पण पटकथा कुठाय?

"माझी पटकथा वाच ना," म्हणत कुणीतरी जाडजूड बाड हातात ठेवतं. उघडावं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती बोलाचाली. मालिकांच्या श्रेयनामावलीत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद यांसाठी बऱ्याचदा वेगवेगळी नावं असतात. २००९ च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांतही संवादांना वेगळा पुरस्कार आहे. तरी घोळ आहे तसाच.

संवाद म्हणजे काय, हे एकांकिका स्पर्धा गाजवलेल्यांना मी काय सांगणार! पानाची मांडणी, समास, फॉन्ट ही कामं सॉफ्टवेअर करतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

गोची होते ती पुढे. कुणाला काय कळलंय, कधी कळलंय आणि प्रेक्षकाला त्यातलं किती ठाऊक आहे, हे पटकथा ठरवते. तोंडातून शब्द काढायचं काम त्यानंतरचं. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मूकपट होता, पण प्रसंगांचा क्रम फाळक्यांनाही लावावाच लागला.

समजा, मुलीला बंगळुरूला नोकरी लागलीय. "बाबा, मी जातेय." "आणि मी?" नवखा लेखक हीच दोन वाक्यं आठवडाभर घासत बसतो. त्यातून आणखी रडारड तेवढी निघते.

त्याऐवजी आधी एक सीन टाका. प्रिंटरवर राहिलेला तिच्या बंगळुरूच्या नोकरीचा कागद वडील उचलतात, वाचतात आणि होता तसा परत ठेवतात. मुलीला पत्ता नाही. पुढच्या सीनमध्ये ती म्हणते, "पुण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे, शनिवारी येतेच." वडील म्हणतात, "मोठी बॅग ने."

हे तीन शब्द सुटे वाचले तर त्यांत काही नाही. पण प्रेक्षकाने प्रिंटरचा सीन पाहिलाय, म्हणून ते लागतात. इथे टाळ्या संवादलेखकाला पडतील, काम मात्र पटकथेनं केलंय. आणि "तुला तर माहीतच आहे, आई गेल्यापासून..." असली वाक्यं येतात तीही पटकथेत आधी काही दाखवलं नाही म्हणूनच. माझ्या हातात असतं तर त्यांवर बंदीच घातली असती.

प्रिंटरचा सीन बॅगेनंतर ठेवला तरी गोष्ट चालेल. मग तो धक्का होतो. मला तो क्रम आवडत नाही. प्रेक्षक "बॅग का?" याच विचारात पडतो आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून जातं.