‘टॉवर’चा शिक्का म्हणजे लाखोंची बंदूक नव्हे

सोलापुरात जुनी ठासणीची बंदूक निघाली की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. ती १९३० च्या मार्शल लॉमधल्या गोऱ्या शिपायाची आहे, आणि तिच्यावर ‘टॉवर’ कोरलंय म्हणजे ती थेट लंडनच्या ‘टॉवर’ किल्ल्यातली, किंमत लाखोंत.

पहिली गोष्ट टिकतच नाही. १९३० साली इंग्रजी फौजेकडे काडतुसाची ३०३ रायफल होती. नळीच्या तोंडातून दारू ठासायचा काळ तेव्हा कधीच सरला होता.

दुसरीचा खुलासा नीट करायला हवा, कारण याच शब्दावर लोक फसतात. मुकुट आणि ‘टॉवर’ हा शिक्का बहुतेक वेळा बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांच्या मालावर असे. सरकारी कारखान्याच्या मालावर ‘एनफिल्ड’ येई. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड बंदुकीची नळी आतून ०.५७७ इंच व्यासाची, आत तीन पीळदार खाचा. १८५७ नंतर हिंदी शिपायांना मुद्दाम बिनखाचांच्या, ०.६५६ इंची बंदुका दिल्या गेल्या. म्हणून शिक्क्याआधी नळी पाहावी, पण आत दारू ठासलेली नाही याची जाणकाराकडून खात्री झाल्यावरच. शिक्के नकली बंदुकांवरही मारलेले असतात.

किंमत ठरते ती मूळ भाग, शाबूत लाकूड आणि स्पष्ट खुणांवर. कृपा करून घासूनपुसून चकचकीत करू नका, खुणाच जातात!

आणि ‘जुनी आहे, परवाना कशाला?’ हेही चूक. शस्त्र कायदा १९५९ मधली परवान्याची सूट फक्त, दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या बंदुकीलाच आहे.